दावणीचा चारा आणि सरकारी हिशेब



भारताच्या राज्यघटनेत गुरांच्या चाऱ्याचा उल्लेख आहे, हे शेतकऱ्यांच्या सभेतही फारसे कुणाला ठाऊक नसते. गोवंशाच्या संरक्षणाविषयीचे ४८वे कलम पुष्कळांना मुखोद्गत असते. परंतु त्या गोवंशाने खायचे काय, हा विषयही घटनाकारांच्या नजरेतून सुटला नव्हता. स्वातंत्र्यानंतरच्या टंचाईच्या दिवसांत काही जीवनावश्यक वस्तूंच्या व्यापारावर कायदे करण्याचा अधिकार ३६९व्या कलमाने संसदेला पाच वर्षांपुरता दिला. त्या वस्तूंच्या यादीत अन्नधान्य, कोळसा, लोखंड यांच्या पंगतीला गुरांचा चारा, पेंड आणि इतर खुराक बसलेला आहे. मुदत संपत आली तेव्हा १९५४ साली तिसरी घटनादुरुस्ती झाली आणि चारा समवर्ती सूचीतील ३३व्या नोंदीत कायमचा दाखल झाला. पुढच्याच वर्षी अत्यावश्यक वस्तू कायदा आला. त्यातील अत्यावश्यक वस्तूंच्या व्याख्येत पहिले नाव चाऱ्याचेच होते.

एवढा मान लाभलेल्या वस्तूचे पुढे काय झाले? २००६ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन २००७ पासून वस्तूंची यादी आटोपशीर करण्यात आली. त्या यादीतून चारा वगळला गेला. चाऱ्याच्या पिकांचे बियाणे मात्र राहिले. म्हणजे बी अत्यावश्यक, आणि त्या बियाण्यापासून उगवणारी वैरण अत्यावश्यक नाही, अशी मोठी मौजेची स्थिती निर्माण झाली. २०२० च्या कृषी कायद्यांपैकी व्यापारविषयक कायद्यात ‘शेतमाल’ या शब्दाच्या व्याख्येत चारा पुन्हा अवतरला आणि बाजार समितीच्या आवाराबाहेर त्याचा व्यवहार मोकळा करण्याचे ठरले. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली आणि वर्षाअखेरीस कायदाच मागे घेतला गेला. चर्चा झाली ती गहू-तांदळाची. कडब्याविषयी ना दिल्लीच्या वेशीवर कुणी बोलले, ना संसदेत.

बोदवडसारख्या तालुक्यात हा विषय पुस्तकी नाही. तापी-पूर्णेच्या दक्षिणेचा हा कोरडवाहू टापू. नद्या जवळ असल्या तरी पाणी खाली आणि शेते वर. बोदवड परिसर सिंचन योजनेचे पाणी शेतापर्यंत पोहोचण्याची वाट हा तालुका वर्षानुवर्षे पाहत आला आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागांसारखे बारमाही हिरवेपण इथे नाही. इथल्या दावणीचा आधार म्हणजे दादरचा कडबा. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बीत येणारी ही ज्वारी दोन घरे चालवते. माणसाला भाकरी देते आणि बैलाला वैरण. त्याच्या जोडीला मक्याचा चारा, हरभऱ्या-तुरीचे आणि सोयाबीनचे कुटार, आणि ऐपत असेल त्याला सरकीची ढेप.

गरज किती असते, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. चारशे किलो वजनाच्या बैलाला रोज साधारण दहा किलो शुष्क आहार लागतो. जोडीला वीस किलो, आणि वर्षाला सात टनांहून अधिक. कोरडवाहू दादरचा कडबा चांगल्या वर्षात हेक्टरी चार-पाच टन निघतो. म्हणजे केवळ एका बैलजोडीसाठी हेक्टरभर दादरही पुरत नाही. शिवाय घरात एखादी गाय, दोन वासरे असतातच. झाशी येथील भारतीय चारा संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार देशात कोरड्या वैरणीची तूट सुमारे २३ टक्के आहे. शंभर दावणींपैकी तेवीस रिकाम्या, असा मात्र त्याचा अर्थ नाही. सगळ्याच दावणींवर थोडी थोडी उपासमार असते आणि ती जनावराच्या बरगड्यांवर मोजता येते.

तूट आहे म्हणजे भाव मिळायला हवा, असे अर्थशास्त्राचे पहिले पान सांगते. परंतु कडब्याचा बाजार त्या पानावर बसत नाही. कडबा विकला जातो शेकड्यावर. शंभर पेंढ्यांचा एक भाव. पेंढी केवढी, याला प्रमाण नाही. बांधणाऱ्याच्या कवेप्रमाणे ती जाड होते किंवा बारीक होते. व्यापारी बांधावर येतो, गंजीकडे पाहतो आणि उक्ता भाव सांगतो. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याच्या अनुसूचीत गवत व चारा हा स्वतंत्र गट आहे. बाजार समितीला त्याचे नियमन करण्याचा अधिकार आहे. तरीही ज्वारीच्या पोत्याला जसा लिलाव, काटा, मापाडी आणि पावती यांचा आधार असतो तसा कडब्याच्या गंजीला बहुतेक ठिकाणी नसतो. २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला नियमनमुक्त झाला तेव्हा महिनोन्‌महिने वाद रंगले. कडब्याच्या बाबतीत वादाला जागाच नव्हती, कारण तो नियमनात असूनही नियमनाबाहेरच होता.

याच्या शेजारी सरकीच्या ढेपेची स्थिती पाहावी. अकोल्याच्या केंद्रावर आधारलेले ढेपेचे वायदे राष्ट्रीय वायदे बाजारात होतात. पुढच्या महिन्यांचे भाव संगणकाच्या पडद्यावर दिसतात. ढेप कारखान्यातून निघते, पोत्यात बसते, वजनाने विकली जाते. एकाच गाईच्या घमेल्यात ढेप आणि कडब्याची कुट्टी एकत्र कालवली जाते. त्यातल्या एकीचा पुढचा भाव मुंबईत बसून कळतो आणि दुसरीचा आजचा भाव शेजारच्या गावातही कळत नाही.

आता हिशेबातली खरी मेख. दरवर्षी केंद्र सरकार ज्वारीची आधारभूत किंमत जाहीर करते. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,६९९ रुपये आणि मालदांडीला ३,७४९ रुपये ठरले. ही किंमत ठरवताना कृषी मूल्य आयोग उत्पादन खर्च विचारात घेतो. त्या खर्चाची विभागणी मुख्य उत्पादन आणि उप-उत्पादन यांच्यात, त्यांच्या मूल्याच्या प्रमाणात केली जाते. ज्वारीचे उप-उत्पादन म्हणजे कडबा. याचा अर्थ असा की शेतकऱ्याच्या खर्चाचा एक हिस्सा कडब्याच्या नावावर टाकला जातो आणि तेवढा धान्याचा खर्च कमी दिसतो. हिशेबाची पद्धत म्हणून यात चूक काढता येणार नाही. पण ज्या कडब्याच्या भरवशावर धान्याचा खर्च कमी धरला, त्या कडब्याला स्वतःचा हमीभाव नाही आणि खरेदी केंद्रही नाही. जळगाव जिल्ह्यात पणन महासंघामार्फत ज्वारीची आधारभूत खरेदी होते, त्या केंद्रावर कडब्याची पेंढी घेऊन कुणी गेले तर काट्यावरचा माणूस हसेल. कागदावर कडब्याला किंमत आहे, केंद्रावर नाही.

तरीही निसर्गाने एक न्याय ठेवला आहे. टंचाईच्या वर्षी कडब्याला भाव येतो. चार वर्षे पडून भाव मिळालेली वैरण पाचव्या वर्षी दोन पैसे देऊन जाते आणि मग शेतकरी पुन्हा दादर पेरतो. नेमक्या त्याच वर्षी सरकारला चाऱ्याची आठवण होते. २०१८ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०२३ च्या टंचाईत महाराष्ट्रातील अनेक जिल्हाधिकाऱ्यांनी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदी घातली. अत्यावश्यक वस्तूंच्या यादीतून चारा गेला असला तरी टंचाईत असे आदेश काढण्याचे अन्य मार्ग प्रशासनाकडे असतात. बंदीमागचा हेतू वाईट नसतो. आपल्या जिल्ह्यातील जनावरे उपाशी राहू नयेत, ही जिल्हाधिकाऱ्याची चिंता रास्तच म्हटली पाहिजे. पण तिचा भार कोण वाहतो? बोदवडच्या पूर्वेला त्याच रेल्वेमार्गावर मलकापूर आहे, आणि ते बुलढाणा जिल्ह्यात मोडते. उत्तरेला मुक्ताईनगर-रावेर ओलांडले की बऱ्हाणपूर, आणि तिथे तर राज्यच बदलते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावांशी सोयरीक आणि व्यवहार चालत आला, ती गावे आदेशाच्या एका ओळीने परमुलूख होतात. गिऱ्हाईक कमी झाले की भाव उतरतो. उतरलेल्या भावाचा लाभ गरीब गोपालकाला होतो असेही नाही. कारण त्याला हवा असतो चार-दोन शेकडे, आणि स्वस्तात साठा करण्याची ऐपत असते ती मोठ्या व्यापाऱ्याची. बंदीचा आदेश निघतो तेव्हा दादर पेरणाऱ्याला भरपाई देण्याची तरतूद मात्र त्या आदेशात नसते.

मग दुष्काळ जाहीर होतो आणि छावण्या उघडतात. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. जळगाव जिल्ह्यातील बहुतेक तालुके त्यात होते, बोदवडही होता. छावणीतील मोठ्या जनावरामागे आधी दिवसाला ७० रुपये आणि लहान जनावरामागे ३५ रुपये असा दर होता. पुढे तो ९० आणि ४५ झाला, २०१९ च्या मे महिन्यात १०० आणि ५०. त्या उन्हाळ्यात राज्यभरातील छावण्यांत दहा लाखांच्या घरात जनावरे होती. बहुसंख्य छावण्या बीड, सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर व उस्मानाबाद जिल्ह्यांत होत्या. खानदेशाच्या वाट्याला छावण्या फारशा आल्या नाहीत.

छावणीने जनावरे वाचवली, हे निर्विवाद. त्या काळात रात्रंदिवस छावणीत राबलेल्या कार्यकर्त्यांच्या श्रमांना उणेपणा येईल असे काही बोलणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण पद्धतीकडे पाहिले पाहिजे. शासनाचा पैसा जनावरापर्यंत पोहोचण्यासाठी जनावराने घर सोडावे लागते. त्याच्याबरोबर घरातला एक माणूस छावणीत राहायला जातो, शेण शेताऐवजी छावणीच्या मैदानात पडते आणि दुधाचे गिऱ्हाईक तुटते. संख्या फुगवून दाखवल्याच्या तक्रारी जवळजवळ प्रत्येक दुष्काळात होतात, कारण जिथे डोक्यामागे पैसे मिळतात तिथे डोकी वाढवण्याचा मोह होणारच. चाऱ्याच्या कागदी व्यवहारांचा कळस देशाने बिहारमध्ये पाहिला. १९९६ साली चाईबासा येथे उघड झालेल्या त्या घोटाळ्यात चारा वाहणाऱ्या ट्रकचे म्हणून नोंदवलेले क्रमांक स्कूटर आणि मोटारसायकलींचे निघाले होते.

घरच्या दावणीवर मदत देता येत नाही, असे मात्र नाही. केंद्राच्या आपत्ती निवारण निधीचे निकष काळजीपूर्वक वाचले तर छावणीतील चाऱ्याच्या नोंदीखालोखाल आणखी एक नोंद आढळते : छावणीबाहेरील जनावरांसाठी चारा वाहून नेण्याचा खर्च. २०२२ पासूनच्या निकषांत छावणीसाठी मोठ्या जनावरामागे ८० आणि लहानामागे ४५ रुपये धरले आहेत, आणि वाहतुकीचा खर्च प्रत्यक्ष लागेल तेवढा. तरतूद आहे, तिचा आग्रह धरणारे कमी आहेत. छावणी डोळ्यांना दिसते, तिचे उद्घाटन होते, छायाचित्र निघते. कुणाच्या गोठ्याशी उतरवलेल्या दोन गठ्ठ्यांचे छायाचित्र कोण काढणार?

वाहतुकीचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण चाऱ्याच्या बाजाराचे निम्मे दुखणे तिथेच आहे. कडबा वजनाला हलका आणि आकाराला अवाढव्य. ट्रक वजनाने भरण्याआधी जागेने भरतो. मग पेंढ्या दोन्ही बाजूंना आणि वर रचल्या जातात, आणि रस्त्याने चालती गंजी निघते. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनंतर गाडीच्या बाहेर आलेल्या मालासाठी वीस हजार रुपये दंड आहे. नियम सुरक्षेसाठीच आहे आणि रात्री अशा ट्रकला ओलांडून गेलेला कुणीही त्याचे समर्थन करील. पण त्यामुळे भाड्याचा आकडा चाऱ्याच्या किमतीला गाठू लागतो. पंजाब-हरियाणात भाताचा पेंढा शेतात जाळला जातो आणि महाराष्ट्रात गुरे उपाशी राहतात, या विरोधाभासाचे उत्तरही याच भाड्यात आहे. उपाय ठाऊक आहेत. यंत्राने गठ्ठे बांधणे, कुट्टी करणे, दाबून ठोकळे करणे. यांतला कुठलाही उपाय केला तरी त्याच ट्रकमध्ये कितीतरी अधिक चारा बसतो.

अनुदाने आहेत ती इथे, आणि ती थोडी उलगडून पाहिली पाहिजेत. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अवजारांना अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के, कमाल मर्यादेच्या आत, अनुदान मिळते. गावोगाव दिसणारी कडबाकुट्टी यंत्रे पुष्कळशी अशाच योजनांतून आली. हे चांगले काम झाले. अखंड कडबा टाकला की जनावर पाने खाते आणि धांडा पायाखाली तुडवते. कुट्टी केली की नासाडी थांबते. २०२१ मध्ये नव्या स्वरूपात आलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात मुरघास किंवा चाऱ्याचे ठोकळे तयार करणाऱ्या उद्योगाला ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान आहे. म्हणजे प्रकल्प एक कोटीच्या घरातला. बोदवडच्या दोन-तीन एकरवाल्याला तो कागद वाचतानाच घाम फुटेल. शेतकरी उत्पादक कंपनीला किंवा सहकारी संस्थेला मात्र तो झेपणारा आहे, आणि खानदेशात सहकाराची परंपरा जुनी आहे. अडचण अशी की ही सर्व अनुदाने यंत्राला आहेत. जो माणूस यंत्रात घालायची दादर पेरतो, त्याला पेरण्यासाठी कुठलेही प्रयोजन नाही. म्हणून तो हरभरा पेरतो, मका पेरतो, कापूस लांबवतो. कुट्टीयंत्र गोठ्यात उभे असते आणि त्याच्यात घालायला सोयाबीनचे कुटार.

या सगळ्याचा शेवट कुठे होतो, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात संपूर्ण गोवंश हत्याबंदी लागू झाली. समाजाच्या मोठ्या वर्गाची ती दीर्घकाळची मागणी होती. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. वर्षाचे होतात १८,२५० रुपये. गोशाळांना ते मिळालेच पाहिजेत. पन्नास रुपयांत गाय पोसताना चालकांची काय ओढाताण होते, हे जवळून पाहणाऱ्यालाच कळते. परंतु गोशाळेत आलेली गाय आधी कुणाच्या तरी दावणीला होती. तिथे तिच्यासाठी शासनाकडून रोजचा एक रुपयाही नव्हता. कायद्याने म्हाताऱ्या बैलाला जीवदान दिले आणि त्याच्या वैरणीचा खर्च शेतकऱ्याकडे सोपवला. तो खर्च पेलेनासा झाला की पहाटे दावे सोडले जाते. शेजारच्याच्या हरभऱ्यात शिरलेल्या जनावरांवरून गावात भांडणे होतात, ती या हिशेबाची शिल्लक असते. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५५ लाख गोवंश होता. २०१९ च्या गणनेत तो १ कोटी ४० लाखांवर आला. घट झाली ती कायदा असताना झाली. कारणे अनेक आहेत, ट्रॅक्टर हे त्यांतले मोठे. पण ज्या घराने बैल विकले त्याला विचारले तर पहिले उत्तर वैरणीचे येते.

गोरक्षण या शब्दात चाऱ्याचा समावेश करायचा असेल तर काही गोष्टी तालुक्याच्या पातळीवरही होण्यासारख्या आहेत. बाजार समितीने कडब्याचा व्यवहार वजनावर आणावा. शेकडा मोडीत काढण्याची गरज नाही. पेंढीचे किमान वजन ठरवून फलकावर रोजचा दर लिहिला तरी बांधावरच्या शेतकऱ्याला बोलायला आधार मिळेल. गावातील एखाद्या संस्थेने सुगीत कडबा घेऊन, कुट्टी करून, झाकून ठेवावा आणि उन्हाळ्यात सभासदांना द्यावा. आगीची भीती मोठी असते, म्हणून साठा गावठाणापासून दूर आणि दोन-तीन ठिकाणी विभागलेला असावा. निकस वैरणीवर युरियाची प्रक्रिया करण्याची रीत पशुसंवर्धन खाते कित्येक वर्षे सांगत आले आहे : शंभर किलो कुटाराला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि एकवीस दिवस हवाबंद झाकून ठेवायचे. खर्च थोडा आहे, पण प्रमाण चुकले तर जनावराच्या जिवावर बेतते. म्हणून ही गोष्ट कागदावर वाचून करू नये, पशुवैद्यकाकडून एकदा समोर करून घ्यावी.

शासनाकडे मागायचे ते याहून वेगळे आहे. ज्या वर्षी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदी घालायची असेल त्या वर्षी बंदीच्याच आदेशात शासनाने खरेदीचा दर सांगावा आणि त्या दराने कडबा उचलावा. छावणीसाठी दिवसाला शंभर रुपये मोजण्याची तयारी असलेल्या शासनाला हे अवघड नाही. आणि दर जाहीर करायचा तो वेळेवर. दादर पेरली जाते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, घटस्थापनेच्या आगेमागे, आणि कडबा हाती येतो फाल्गुनात. दुष्काळाची घोषणा २०१८ मध्ये झाली ३१ ऑक्टोबरला, २०२३ मध्येही ३१ ऑक्टोबरलाच. तोवर बोदवडच्या शिवारात पाभर फिरून गेलेली असते. कडब्याचा दर पोळ्याच्या सुमारास गावात कळला, तर कुठल्या वावरात हरभरा आणि कुठल्या वावरात दादर, हे शेतकरी स्वतःच ठरवील.